आइस्क्रीमवाल्याने मोठं कसं व्हावं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (चित्रांशिवाय)

मे महिन्यात कुणाच्या तरी अंगणात पॉट फिरवला जातो. दुसरी वाटी संपता संपता आत्या म्हणते, "अरे, हे विकायला काढलंत तर रांग लागेल!" आणि घरातल्या एखाद्या तरुणाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. ही मार्गदर्शिका त्या तरुणासाठी आहे. आत्यासाठी नाही, कर्जाला जामीन राहतेस का, असं विचारलं की आत्या पन्ह्याचा विषय काढते.

पॉटबद्दल आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे तो फारसा भेटणार नाही. लाकडी पिंप, आत धातूचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि जाडं मीठ. मिठामुळे ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली, अगदी उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. डबा फिरत राहिला की कडेला धरलेला थर सुटून आत मिसळतो. दांडा हाताला जड लागला की झालं समजायचं, त्याआधी नाही. शेवटी शेवटी पिंप उड्या मारू लागतं, तेव्हा वर गोणपाट टाकून एखादा वजनदार भाचा बसवायचा. झाकणाच्या फटीतून मिठाचं पाणी आत शिरलं तर आटवलेलं दूध, आमरस आणि अख्खी दुपार पाण्यात. पण या यंत्रात एक गुण आहे, जो पुढे तुम्ही कितीही लाखांचं यंत्र घेतलंत तरी मिळणार नाही. इथे करणारा आणि खाणारा यांच्यात अंतर असतं दीड हाताचं. खाणाऱ्याचं तोंड वाकडं झालं की करणाऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. धंदा वाढवणं म्हणजे हे अंतर वाढवत नेणं. हे एकदा मान्य केलंत की उरलेली मार्गदर्शिका वाचायला हरकत नाही.

आधी दुसऱ्या कशात तरी नापास व्हा

आइस्क्रीमचं बाळकडू मिळालेली माणसं या धंद्यात असतात, नाही असं नाही. पण थेट यशाकडून यशाकडे जाणाऱ्याची गोष्ट कुणी ऐकत नाही, आणि हस्तकौशल्याच्या आइस्क्रीममध्ये निम्मी विक्री गोष्टीची असते.

नमुना म्हणून बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड घ्या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचे हे शाळासोबती. जेरीला मेडिकलला प्रवेश मिळत नव्हता. बेन कॉलेज अर्धवट सोडून मातीची भांडी घडवत होता आणि ती भांडी कुणी विकत घेत नव्हतं. दोघांनी मिळून खाण्याचा धंदा काढायचं ठरवलं, तेही आइस्क्रीमचा नव्हे, बेगल नावाच्या गोल पावाचा. बेगलची यंत्रं खिशाला झेपेनात, म्हणून आइस्क्रीम. त्यासाठी पेन स्टेट विद्यापीठाचा पाच डॉलर फीचा पत्राद्वारे अभ्यासक्रम केला. 1978 च्या मे महिन्यात व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी एका जुन्या पेट्रोलपंपाची डागडुजी करून दुकान उघडलं. भांडवल 12,000 डॉलर, पैकी 4,000 उसने.

बर्लिंग्टन हे गाव कॅनडाच्या सीमेपासून फारसं लांब नाही. तिथे हिवाळ्यात आइस्क्रीम खाण्याची इच्छा होणं हे प्रकृती बरी नसल्याचं लक्षण मानता येईल. या दोघांनी काय केलं, तर पारा शून्याखाली जितके अंश उतरेल तितके सेंट कोनच्या दरातून कमी करण्याची योजना काढली. दुकानाला वर्ष झालं तेव्हा एक दिवस सगळ्यांना फुकट कोन वाटले, आणि तो प्रघात नंतरही चालू ठेवला. आपल्याकडे हा धडा जपून गिरवावा. नागपुरात पारा जितका चढेल तितके रुपये सूट असं काही जाहीर केलंत, तर मे महिन्यात गिऱ्हाइकालाच वरून पैसे द्यावे लागतील.

या बेनला वास जवळजवळ येत नाही. वास नाही म्हणजे चवही अर्धीमुर्धी. त्यामुळे तो चव बघताना जिभेपेक्षा दातांवर भरवसा ठेवी: काहीतरी चावायला लागलं पाहिजे. म्हणून त्यांच्या आइस्क्रीममध्ये चॉकलेटचे, बिस्किटांचे, कच्च्या कणकेचे मोठमोठे तुकडे आले आणि तीच त्यांची ओळख ठरली. नवशिक्याने स्वतःत अशी एखादी उणीव शोधून ठेवावी. सापडत नसेल तर लग्न झालेल्यांनी घरी विचारावं.

पावभाजी

आता आपल्या गावातला नमुना. रघुनंदन कामत हे मूळचे मंगळूरकडच्या मुलकी भागातले. वडील फळं विकत. फळ हातात घेऊन, दाबून, हुंगून ते आज खायचं की परवा, हे ओळखणं त्या घरात पोरं चालायला लागायच्या सुमारास शिकत असावीत. कामत पौगंडावस्थेत मुंबईला आले, भावाच्या खाणावळीत राबले, आणि 14 फेब्रुवारी 1984 रोजी जुहूला त्यांनी 'नॅचरल' सुरू केलं. दूध, साखर आणि फळ, एवढंच सामान.

पण ज्या काळात मुंबईकर आइस्क्रीम खायला म्हणून मुद्दाम बाहेर पडत नसे आणि खाल्लंच तर व्हॅनिला नाहीतर पिस्ता म्हणे, त्या काळात केवळ सीताफळाच्या आइस्क्रीमवर दुकानाचं भाडं निघेल यावर कामतांचाही विश्वास नव्हता. म्हणून दुकानात मुख्य पदार्थ ठेवला पावभाजी. तिखट भाजी खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी आलेला माणूस समोर गार काही दिसलं की नाही म्हणत नाही. पावभाजी पुढे आणि आइस्क्रीम तिच्या आडून. 1985 मध्ये पावभाजी बंद झाली, आइस्क्रीम राहिलं.

या एका युक्तीसाठी मी कामतांना व्यवस्थापनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठं मानतो. आजचा नवशिका काय करतो? पहिल्या दिवशीच भिंतीवर आपलं तत्त्वज्ञान रंगवतो, पिवळे दिवे टांगतो, लाकडी चमचे मागवतो आणि 'मिरची-पेरू' दोनशे रुपयांना ठेवून गिऱ्हाइकाला कला समजत नाही म्हणून खंत करतो. त्याने आधी आपली पावभाजी शोधावी. जे लोकांना कळतं ते आधी विकावं आणि तोंड भाजलं की दुसरी वाटी पुढे करावी. अवघड भाग त्यापुढचा आहे. गल्ला पावभाजीवर भरत असताना ती बंद करायला जे लागतं, ते या मार्गदर्शिकेतून मिळणार नाही.

सीताफळ

इथे जरा थांबू, कारण सगळा धंदा या फळात आहे.

सासवडच्या बाजारात हंगामात सीताफळांच्या पाट्याच्या पाट्या लागतात. सकाळी टणक असलेलं फळ संध्याकाळी डोळे उघडतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हातात फुटतं. घरी एक फळ खाताना आपण गर चोखतो आणि बी वाटीत थुंकतो. आइस्क्रीमला असं चालत नाही. प्रत्येक पाकळी बियेला घट्ट धरून बसलेली असते. जोर लावून चोळलं तर गराचा लगदा होतो, मग आइस्क्रीममध्ये दाताला पाकळी लागत नाही, नुसती रवाळ पेस्ट. मिक्सरमध्ये फिरवलं तर बी फुटते, आणि फुटलेली बी कडू आणि घशाला वाईट. गर उघडा ठेवला तर तो काळवंडतो. म्हणजे वेग हवा, पण घाई चालत नाही.

दहा फळांचं हे काम आई करू शकते. शंभर फळांना आई, मावशी आणि शेजारच्या काकू लागतात. टनभर फळांचं काय करायचं? इथे दोन वाटा फुटतात. पहिली सोपी: सीताफळाचा इसेन्स आणा. बाटलीतला वास बारा महिने, सगळ्या गावांत एकसारखा, आणि त्याला बिया नसतात. दुसरी वाट कामतांनी घेतली. फळं सोलायची, गाळायची, बिया काढायची अशी यंत्रं बाजारात आयती मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे ती बनवून घेतली. ही वाट महाग आणि कटकटीची. शहाळ्याची मलई काढायचं यंत्र बनवा म्हणून एखाद्या फॅब्रिकेटरकडे जाऊन बघा, तो आधी तुमच्याकडे, मग शहाळ्याकडे आणि मग चहावाल्याकडे बघेल.

तर नियम असा. धंदा वाढला की हात यंत्राला द्यावे लागतात, त्याला इलाज नाही. कुठले हात द्यायचे हे मात्र मालकाने ठरवायचं असतं. बी काढणारा हात खुशाल द्या. फळ निवडणारा हात दिलात तर उरलेल्या आयुष्यात तुम्ही दुधाचा बर्फ विकत असाल.

हवा

आता फायद्याकडे वळू. आइस्क्रीममधला सर्वांत स्वस्त घटक कुठला? नवशिके साखर म्हणतात. हवा. मिश्रण गोठवताना यंत्र त्यात हवा घुसळतं, नाहीतर डब्यातून वीट निघेल. या वाढीला धंद्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आइस्क्रीम झालं तर ओव्हररन शंभर टक्के, म्हणजे डब्यात निम्मी हवा. आपल्या देशाचा नियम सांगतो की आइस्क्रीम एका लिटरला निदान 525 ग्रॅम भरलं पाहिजे. पाण्याचं लिटर किलोभर भरतं हे शाळेत शिकलेल्यांनी बाकीचा हिशेब मनातल्या मनात करावा. हस्तकौशल्यवाले हवा बेताची भरतात, म्हणून त्यांचा डबा हाताला जड लागतो. दुकानात डबे घेताना दोन्ही हातांत एकेक धरून बघावा, लेबल वाचायचे कष्ट वाचतात.

नियमात दुसरी एक गोष्ट आहे: आइस्क्रीम म्हणवून घ्यायचं तर त्यात दुधाची स्निग्धता निदान 10 टक्के हवी. दुधाऐवजी वनस्पती तेल घातलंत तर त्याचं नाव फ्रोझन डेझर्ट. या एका फरकावरून 2017 मध्ये अमूलच्या जाहिरातींविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. नवशिक्याला एवढ्या मोठ्या भांडणात पडायची ऐपत नसते. त्याने दूध घालावं.

शाखा काढताना

तुमचं आइस्क्रीम कारखान्यातून निघतं तेव्हा उत्तम असतं. गोठवून झाल्यावर ते उणे 30 अंशांच्या आसपास झपाट्याने कडक केलेलं असतं, त्यातले बर्फाचे कण इतके बारीक की जिभेला कळत नाहीत. साधारण 50 मायक्रॉनच्या वर गेला की कण कळतो, करकर लागतो. आता हा डबा गाडीत चढतो. गाडी टोलनाक्यावर उभी राहते. हमाल दार उघडं टाकून तंबाखू मळतो. शाखेत पोचतो तेव्हा फ्रीजरमध्ये जागा नसते, म्हणून डबा दहा मिनिटं फरशीवर. प्रत्येक वेळी थोडं वितळतं, परत गोठतं, आणि वितळलेलं पाणी उरलेल्या कणांवर चढून ते कण मोठे होतात.

हे इथवर क्षम्य आहे. त्यापुढे येतात शाखा घेणारे काका. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे गुंतवलेले, सज्जन, हिशेबी. महिन्याचं विजेचं बिल बघून त्यांच्या छातीत धस्स होतं आणि रात्री शटर ओढताना ते फ्रीजरचं बटण बंद करतात. "आत गारवा टिकतो की सकाळपर्यंत!" टिकतो. सकाळी वरून सगळं जागच्या जागी दिसतं. संध्याकाळी एखादी आजी चमचा तोंडात घालते आणि म्हणते, "पूर्वीसारखं राहिलं नाही हो यांचं." तिच्यात आणि तुमच्यात आता चारशे किलोमीटरचं अंतर असतं. तिचं तोंड वाकडं झालेलं तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला दिसतो महिन्याअखेरचा विक्रीचा तक्ता, तोही काकांनी भरलेला.

यावर उपाय म्हणून बरेच जण मिश्रणात डिंक घालतात. बहुधा गवारीच्या बियांचा, राजस्थानातून येणारा. तो पाण्याला धरून ठेवतो, कण वाढू देत नाही. त्यात पाप काही नाही, भाजीतली गवार आपण खातोच. पण 'फक्त दूध, साखर, फळ' असं भिंतीवर रंगवून झालं असेल तर डिंकाची गोणी मागच्या दाराने आणावी लागते. ती आणायची नसेल, तर काकांच्या बटणावर एक लाल चिकटपट्टी लावा आणि अधूनमधून न सांगता चमचा घेऊन जा. चमच्याला पर्याय असलेलं सॉफ्टवेअर अजून माझ्या पाहण्यात नाही.

सरकार

2017 साली जीएसटी आला तेव्हा लहान उत्पादकांसाठी कंपोझिशन नावाची सोय ठेवली होती: थोडक्या दराने कर भरा, कागदपत्रांचा ताप कमी. ती सोय ज्यांना नाही अशा मालाची यादीही सोबत होती. तिच्यात पानमसाला होता, तंबाखू होती आणि आइस्क्रीम होतं. आपण समाजाच्या कुठल्या रांगेत उभे आहोत हे नवशिक्याला एवढ्यावरून कळावं. आइस्क्रीमवरचा कर 2025 च्या सप्टेंबरात 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा तंबाखूपासून आपण निदान दरात तरी आणखी लांब गेलो.

मोठ्यांनी दखल घेतली तर

1984 साली हागेन-दाझ या कंपनीने, म्हणजे तिच्या मालक पिल्सबरीने, वितरकांना बजावलं की आमचा माल ठेवायचा तर बेन आणि जेरीचा ठेवायचा नाही. हागेन-दाझ हे नाव डेन्मार्ककडचं वाटतं, पण ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रूबेन मॅटस यांनी रचलेलं. त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. पिल्सबरीच्या जाहिरातीत कणकेचा एक गुबगुबीत बाहुला असे. जेरी मिनियापोलिसला पिल्सबरीच्या मुख्य कचेरीसमोर फलक घेऊन एकटा उभा राहिला: हा बाहुला घाबरतोय कशाला, असा त्याचा सवाल. लोकांना गंमत वाटली, वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, पिल्सबरीला माघार घ्यावी लागली. त्या एका फलकाने जे काम केलं ते जाहिरातींच्या पैशाने झालं नसतं. म्हणून कुणी मोठा तुम्हाला दाबू लागला तर आधी फलक रंगवा, मग वकील गाठा.

बेन आणि जेरीच्या कंपनीने काही वर्षं असा दंडक पाळला की सर्वांत वरच्याचा पगार सर्वांत खालच्याच्या पाचपटीपेक्षा जास्त नसावा. नंतर पाचाचे सात झाले. 1994 मध्ये नवा मुख्याधिकारी हवा होता आणि एवढ्या पगारावर कुणी येईना, तेव्हा दंडक सोडला. त्याच सुमारास 'मी उत्तम मुख्याधिकारी का होईन' या विषयावर शंभर शब्दांची निबंधस्पर्धा जाहीर केली. हजारोंनी निबंध पाठवले. नेमणूक झाली ती माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीमार्फत आलेल्या रॉबर्ट हॉलंड यांची. स्पर्धा मात्र घ्या. फुकट जाहिरात होते.

विकायची वेळ

कंपनी पुरेशी वाढली की तिचा वास मोठ्या माशांना जातो. सतीशचंद्र चोना यांनी 1944 साली कराचीत हॅवमोर काढली, फाळणीत सगळं सोडून भारतात आले आणि अहमदाबादेत हातगाडीपासून पुन्हा उभी केली; 2017 मध्ये ती कोरियाच्या लोट्टेने 1,020 कोटींना घेतली. बेन आणि जेरी यांची कंपनी 2000 साली युनिलिव्हरने 32 कोटी 60 लाख डॉलरना घेतली. कंपनीची सामाजिक तत्त्वं सांभाळायला एक स्वतंत्र मंडळ राहील, ते बोलू शकेल, असं करारात लिहून घेतलं होतं. पुढे काय बोलायचं आणि कुणाविषयी, यावरून मालक आणि मंडळ यांची जुंपली. 2025 च्या सप्टेंबरात जेरी ग्रीनफिल्ड 47 वर्षांनी कंपनीतून बाहेर पडला. स्वातंत्र्य उरलं नाही, हे त्याचं कारण. नाव मात्र डब्यावर आहे, कारण नावही विकलेलं होतं. म्हणून नवशिक्याने दुकानाला स्वतःचं नाव देताना दोनदा विचार करावा. आत्याचं द्यावं.

'नॅचरल' विकली गेली नाही. कामत 2024 च्या मे महिन्यात गेले तेव्हा शाखा शंभराच्या वर होत्या आणि धंदा घरातच होता. कोण जिंकलं, कोण हरलं असा निकाल यातून काढायला मी तयार नाही. बर्लिंग्टनच्या दोघांनी निदान जगभरच्या लोकांना कच्ची कणीक चमच्याने खायला शिकवली, आणि ते काही लहान काम नव्हे.

न वाढण्याची सोय

हा मजकूर पुरवणीत टाकणार होतो. भेंडीबाजारच्या बोहरी मोहल्ल्यात 'ताज' नावाचं दुकान आहे, 1887 पासूनचं. तिथे अजून संचाचं आइस्क्रीम करतात. लाकडी पिंप, धातूचा डबा, बर्फ, मीठ, आणि दांडा फिरवणारा माणूस. आंबा, सीताफळ, पेरू, ज्याचा हंगाम असेल ते. रमजानात रात्री तिथे उभं राहायला जागा नसते. अशा दुकानाला व्यवसाय सल्लागार काय सांगतील ते मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि त्या घरातल्या चार-पाच पिढ्यांनाही कुणी ना कुणी सांगितलंच असेल.

नेहमीचे प्रश्न

गिऱ्हाईक सात चवींचे चमचे चाखून शेवटी मलई सिंगल मागतं, काय करावं? मलई सिंगल द्यावी.

शुगर-फ्री ठेवावं का? ठेवावं. ते घेणारा माणूस सोबत बायकोसाठी म्हणून अंजीर डबल घेतो आणि ते संपवतोही तोच.

हापूस महागला तर? किंमत वाढवा किंवा त्या महिन्यात जांभूळ करा. तोतापुरीच्या पल्पवर हापूसची पाटी लावू नका. कोकणातला एखादा तरी माणूस दुकानात येतोच, आणि तो हळू आवाजात बोलत नाही.

सुरुवातीला किती भांडवल लागेल? आत्याला परत एकदा विचारून बघा.